शनिवारची साक्ष

मी आयुष्यात बिडी ओढली नाही आणि त्याचा मला आजवर काडीचाही फायदा झालेला नाही. आमच्या हळदीच्या कारखान्यात आत बिडी पेटवायला बंदी, म्हणून ओढणाऱ्यांना मधूनमधून फाटकाबाहेर सोडावं लागे. फाटकाबाहेर बाभळ आहे, बाभळीखाली बसायला दगड आहेत आणि वारा चांगला येतो. तिथं ही मंडळी पाय पसरून निवांत बसायची. न ओढणाऱ्याला बाहेर जायला कारणच नाही. मी ऑफिसच्या खिडकीतून त्यांच्याकडं बघत राहायचो आणि मनातल्या मनात मालकाला, बिडीला आणि माझ्या बापानं मला लावलेल्या चांगल्या वळणाला शिव्या द्यायचो. कारखान्यात मला सगळे मुनीमजी म्हणतात. मुनीमजीला विश्रांती लागते हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

बाभळीखाली एक सपाट दगड होता. त्याच्यावर चाँद पाशाचा हक्क. तो नसला तरी तिथं कुणी बसत नसे.

चाँद पाशा हट्टा गावचा. हट्ट्याहून वसमतकडं निघालं की रस्त्याला लागूनच आमचा कारखाना आहे. तो सुरू झाला तेव्हापासून हा माणूस पॉलिशच्या ढोलावर आहे. शेतकऱ्याकडून शिजवून वाळवून येणारी हळकुंडं काळपट, खरबरीत असतात. ती लोखंडी ढोलात फिरवली की एकमेकांवर घासून पिवळीधमक निघतात. ढोलावर दोघं लागतात. एकानं वरून ओतायचं, दुसऱ्यानं खाली पोतं धरायचं आणि मधल्या वेळात दोघांनी मिळून धूळ खायची. त्यामुळं चाँद पाशाच्या भुवया बारा महिने पिवळ्या. शुक्रवारी नमाजाला धुतलेला पांढरा सदरा घालून गेला तरी घामानं गळपट्टी पिवळी होते.

त्याचा ढोलावरचा जोडीदार नेमसिंग, औंढ्याकडच्या एका बंजारा तांड्यावरचा. दोघं बरोबरच कामाला लागले आणि एकाच ढोलावर केस पांढरे करून बसले. त्यांच्यात बोलणं मात्र मी फारसं ऐकलं नाही. ढोलाच्या धडधडाटात बोलता येत नाही, आणि बाहेर आलं की तोंडात बिडी. एक जण पेटवायचा, दुसरा त्याच्या बिडीवर आपली पेटवून घ्यायचा, की झाला संवाद.

चाँद पाशाला बिडी सोडायला सांगितलं नाही असं कुणी उरलं नव्हतं. वसमतच्या डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडात धरून दाखवला होता. त्याची बायको कमरुन्निसा तर लग्न झाल्यापासून सांगत आली होती. रमजानात हा दिवसभर बिडीला हात लावत नसे. पण रोजा सोडताना खजूर तोंडात असतानाच याचा हात खिशात जातो, असं ती बाई चारचौघांत सांगायची. तो ऐकून घ्यायचा. भांडण त्याला जमत नाही. ऐकून घेतो आणि स्वतःला करायचं तेच करतो. अशा माणसांचा घरच्यांना जास्त ताप असतो.

मग गेल्या वर्षी आमचे मालक किसनराव यांना कामगारांच्या छातीची एकाएकी काळजी वाटायला लागली. काळजीचं कारण सरळ होतं. माल बघायला आलेल्या कोचीनच्या व्यापाऱ्यानं पोतं फोडलं, त्यात मूठ घातली, आणि हळकुंडांबरोबर बिडीचं एक थोटूक वर आलं. व्यापारी थोटूक रुमालात गुंडाळून घेऊन गेला, आणि सौदाही गेला. किसनराव आठवडाभर कुणाशी नीट बोलले नाहीत. आधी त्यांनी बाहेरच्या बिडीवरही दंड लावून पाहिला. त्यानं एवढंच झालं की फाटकाबाहेर ओढणारे काही जण गोदामाच्या मागं लपून ओढायला लागले, आणि ते जास्तच धोक्याचं होतं. तेव्हा किसनरावांच्या पुण्याच्या जावयानं सुचवलं, की धाक दाखवून काही होत नसतं, बक्षीस ठेवा.

बक्षीस देण्याआधी पारख हवी, म्हणून एक यंत्र आलं. त्यात फुंकर मारली की माणूस ओढतो की नाही ते कळणार होतं. पहिल्याच सकाळी यंत्रानं द्वारकाबाईला पकडलं. द्वारकाबाई म्हणजे हळकुंडं निवडणाऱ्या बायकांमधली सगळ्यात कडक बाई, पदर डोक्यावरून ढळू न देणारी. तिच्या फुंकरीला लाल दिवा लागला. तिनं यंत्राकडं आणि मग किसनरावांकडं असं पाहिलं की ते दोन पावलं मागं सरले. पहाटेपासून चुलीपुढं बसून भाकरी केल्या की छातीत धूरच जाणार, यंत्राला चुलीचा धूर आणि बिडीचा धूर वेगळा कळत नाही, असं तिनं त्यांना सगळ्यांसमोर सुनावलं. यंत्र त्याच दिवशी खोक्यात गेलं. ते अजून माझ्या टेबलाखाली आहे.

त्यानंतर किसनरावांनी जे काढलं ते त्यांचं स्वतःचं होतं, आणि माणूस ओळखणाऱ्याचं होतं हे मला मान्य करावं लागतं. ते म्हणाले, स्वतःबद्दल माणूस सहज खोटं बोलतो. म्हणून स्वतःची ग्वाही कुणी द्यायचीच नाही. कामाला जशा जोड्या आहेत तशाच जोड्या राहतील, आणि दर शनिवारी सुट्टीच्या आधी जोडीदारानं जोडीदाराची साक्ष द्यायची, ती हळद उचलून. माझ्या जोडीदारानं या आठवड्यात बिडी ओढली नाही, एवढंच म्हणायचं. एकानं ओढली तर दोघंही बाद.

आमच्या भागात हळद हातात घेऊन कुणी खोटं बोलत नाही. खंडोबाचा भंडारा तीच, देवीचा मळवट तीच, लग्नात अंगाला लागते तीच. कारखान्यात आम्ही तिच्यावर चालतो, तिच्यावर थुंकतोही, पण मूठ भरून घेतली की ती देवाची होते. परातीत हळद घेऊन उभं राहायचं काम माझ्याकडं आलं. चाँद पाशाच्या वेळी किसनराव जरा अडखळले. तुझ्या धर्मात चालत नसेल तर दुसरं काही बघू, असं काहीतरी बोलायला लागले. तो म्हणाला, मी इथं कुराण आणणार नाही. माझी भाकर हळदीची आहे, मला हळदच बराबर आहे. तो विषय तिथंच मिटला.

बक्षीस साधं नव्हतं. कारखान्यात पॅकिंगचा नवा विभाग बांधून तयार होत होता. काचेच्या भिंती, डोक्यावर पंखे, संगणकाचं टेबल, धुळीचं नाव नाही. पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत ज्या जोड्या टिकतील, त्यातल्या प्रत्येकाच्या घरचं एक माणूस तिथं कायम कामाला लागणार होतं. त्या वर्षी पाडवा आणि ईद लागून आले होते, म्हणून मोजणी ईदेच्या दुसऱ्या दिवसापासून धरली. चाँद पाशानं ईदेच्या संध्याकाळी शेवटची बिडी ओढली, बिड्यांचा उरलेला कट्टा नेमसिंगच्या हातात दिला आणि नेमसिंगनं तो आपल्या कट्ट्यासकट ओढ्यात फेकला.

डॉक्टरला जमलं नाही, बायकोला जमलं नाही, ते बक्षिसाला कसं जमलं, याचं उत्तर फरहीन. ही त्याची धाकटी लेक. वसमतच्या कॉलेजातून बी.कॉम. झाली आणि मग घरी बसून राहिली. हट्ट्यात बी.कॉम.ला काम कोण देणार? लग्नाची विचारणा यायला लागली होती. जिंतूरचं एक स्थळ कमरुन्निसाला फार पसंत पडलं होतं, मुलाचं मोबाइलचं दुकान होतं. फरहीननं बापाकडं एकच मागितलं होतं. दसऱ्यापर्यंत मला द्या, तोवर काम लागलं तर लग्नाचं मागाहून बघू, नाही लागलं तर तुम्ही म्हणाल तिथं मी जाईन, तोंडातून शब्द काढणार नाही. बापानं मान हलवली होती. आणि दसऱ्याची मुदत घालून बसलेल्या त्या पोरीला दसऱ्याच्याच मुदतीचं बक्षीस चालून आलं होतं. चाँद पाशाच्या छातीत डॉक्टरला दिसलं नव्हतं ते हे.

नेमसिंगच्या घरी त्या विभागात लावायला कुणी नव्हतं. मुलगा कुलदीप पुण्याला कंपनीत, मुलगी पूजा सासरी नांदत होती. नेमसिंगला यातून काहीच मिळणार नव्हतं. तरी तो जोडीत आला. येतोस का म्हणून त्याला चाँद पाशानं विचारल्याचं मला तरी माहीत नाही.

पुढचे महिने दोघांनी काय काढले ते मी खिडकीतून पाहिलं. चाँद पाशा लवंग चघळायचा. नेमसिंग फुटाणे खायचा आणि दिसेल त्याच्यावर डाफरायचा. एकदा त्यानं रिकामं पोतं इतक्या जोरात आपटलं की किसनराव बाहेर आले. पण मला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. बिडी सोडल्यावर त्यांनी बाभळीखाली जाऊन बसायची परवानगी मागितली, तेव्हा किसनराव खरोखरच गोंधळले. म्हणाले, बिडी ओढायची नाही तर मग बाहेर जाऊन करणार काय? सुट्टी बिडीची होती, माणसाची नव्हती. बिडी गेली तशी सुट्टीही गेली. मला, खरं सांगतो, फार आनंद झाला. इतकी वर्षं मी जे सोसलं ते आता सगळ्यांच्या वाट्याला आलं होतं.

पहिल्या दोन-तीन शनिवारी काही जोड्या बाद झाल्या, बाकीच्यांनी लवकरच वाट काढली. तंबाखू चालते का, असं कुणीतरी किसनरावांना विचारलं. ते म्हणाले की योजना धुराची आहे. झालं. पोरं सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्यावर आली. गोदामाची मागची भिंत पोळ्यापर्यंत लाल झाली, आणि शनिवारी हळद उचलून सगळे छाती पुढं काढून खरंच बोलत होते. चाँद पाशानं आणि नेमसिंगनं खर्रा तोंडात घातला नाही. शहाणपणा म्हणून नव्हे. खर्रा पोरासोरांचा, आपल्याला शोभत नाही, असं त्यांचं मत.

आता रतनसिंगबद्दल सांगायला हवं. नेमसिंगचा हा बाप, तांड्यावर राहायचा, फार म्हातारा. त्याच्या बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर धान्य वाहिलं होतं, यानं डोंगरातली जमीन कसली, आणि शेवटी हातांना कंप सुटला म्हणून घरापुढच्या बाजेवर येऊन बसला. कंपामुळं त्याला बिडी पेटवता येत नसे. काडी बिडीपर्यंत जाईतो विझायची. चाँद पाशा तांड्यावर गेला की पहिलं काम ते. स्वतःच्या ओठात बिडी धरून पेटवायची, एक झुरका घेऊन निखारा नीट धरलाय का बघायचं आणि मग म्हाताऱ्याच्या तोंडात द्यायची. घरात सुना होत्या, नेमसिंगच्या भावांची लहान पोरं होती, पण म्हातारा म्हणायचा की पाशानं पेटवलेली बिडी शेवटपर्यंत सारखी जळते. खरं तर त्याला पाशाचा लळा होता. पाशाचे अब्बा लवकर वारले, तेव्हापासून पाशाला दटावणारा म्हातारा हाच.

योजना सुरू झाल्यावर पाशा तांड्यावर जात राहिला, पण बिडी पेटवेना. म्हाताऱ्याला त्यानं सगळं समजावून सांगितलं, पोरीच्या कामाचं सांगितलं. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं आणि तरी दर खेपेला बिडी पुढं केली, बहुधा चिडवायला. भादव्यात शेवटचं भेटणं झालं तेव्हा चिडवण्यातलं बळ गेलं होतं. बाजेवर पडूनच त्यानं उशाखालून बिडी काढून धरली. पाशानं त्याचा हात धरून परत उशाशी ठेवला आणि म्हणाला, दसऱ्यानंतर, बाबा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येतो अन् पेटवतो.

म्हातारा दसऱ्याआधीच गेला.

दहाव्याला कारखान्यातर्फे मला पाठवलं होतं. कारखान्यातून आलेले आम्ही दोघंच, मी आणि चाँद पाशा. तांड्याखालच्या ओढ्याच्या काठी, गेलेल्या माणसाला जे जे आवडायचं ते पानावर मांडलं होतं. बाजरीची भाकर, गुळाचा खडा, कपात चहा, आणि पानाच्या कडेला बिडी. बिडी पेटवून ठेवायची असते. न पेटवलेली बिडी ठेवणं म्हणजे भाकरीच्या जागी पीठ वाढण्यासारखं. आणि बिडी उदबत्तीसारखी पेटत नाही. काडी लावली की टोक नुसतं काळं होतं. कुणीतरी ओठात धरून आत ओढावंच लागतं.

मुंडण केलेला नेमसिंग पानापुढं बसला होता. त्यानं बिडी उचलली, चाँद पाशाकडं पाहिलं आणि ती पुण्याहून आलेल्या कुलदीपच्या हातात दिली. नेमसिंगचं बरोबर होतं. कुलदीप योजनेत नव्हता, त्यानं पेटवली असती तर कुणाचं काही जात नव्हतं. पण पोरगा ओढणारा नव्हता. त्यानं ओठात धरून काडी लावली, ठसका लागला, बिडी विझली. दुसऱ्यांदाही विझली. भावकीतले कुणी कुणी पुढं सरकले. तेवढ्यात चाँद पाशा चपला काढून पानाजवळ गेला, उकिडवा बसला आणि त्यानं कुलदीपच्या हातातून बिडी घेतली. नेमसिंग दबक्या आवाजात म्हणाला, नको पाशा. पाशानं काडी ओढली, हाताचा आडोसा केला, एक झुरका घेतला, निखारा बघितला आणि बिडी पानावर ठेवली. मग तो तिथंच बसून रडला. मी त्याला आधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. बिडी शेवटपर्यंत सारखी जळली हेही मी पाहिलं.

परत येताना जीपमध्ये त्यानं लवंग तोंडात टाकली. मी हिशेब करत होतो. दसरा तोंडावर आला होता. मधे एकच शनिवार. कारखान्यातलं तिसरं कुणी तिथं नव्हतं. मला कुणी विचारणार नाही, नेमसिंग सांगणार नाही. एका झुरक्यासाठी पोरीचं काम जाण्यात काही अर्थ नव्हता. जे झालं ते ओढ्याकाठीच राहावं असं मला मनापासून वाटत होतं.

शनिवारी संध्याकाळी नेहमीप्रमाणे व्हरांड्यात किसनराव खुर्ची टाकून बसले. मी परात घेऊन उभा. जोड्या आल्या, लाल तोंडांनी साक्ष देऊन गेल्या. चाँद पाशानं मूठ भरली आणि नेमसिंगची साक्ष दिली, ती खरीच होती. मग नेमसिंग पुढं आला. डोक्यावर नुकते खुंट फुटत होते. त्यानं परातीत हात घातला, मूठ वर उचलली आणि म्हणाला, "माज्या जोडीदारानं..." आणि थांबला.

माणसं समजली की बापाची आठवण आली असेल. किसनरावही थांबले. नेमसिंगच्या बोटांमधून हळद गळत होती. त्याला खोटं बोलायचं होतं. मला ते स्वच्छ दिसत होतं. ज्याच्या बापासाठी पाशानं ओढली त्या माणसाला पाशासाठी खोटं बोलायचं होतं, आणि हातात हळद असल्यामुळं त्याच्या तोंडातून ते निघत नव्हतं. खरंही निघत नव्हतं.

चाँद पाशानं त्याचं मनगट धरलं. बोटं एकेक करून उघडली. हळद माझ्या परातीत पडली.

"ह्याला बोलाया लावू नका मालक," तो म्हणाला. "मी ओढली. ह्याच्या बाच्या दहाव्याला. एक झुरका."

किसनरावांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते चिडले. इतके महिने काढले आणि आता दाराशी आल्यावर ही अवदसा कशी आठवली, असं काहीबाही बोलले. मग त्यांनी विचारलं, "एक ओढला, तर दुसरा न्हाई ओढला ते कशावरून?"

"पैला रतनसिंगबाबाचा होता," चाँद पाशा म्हणाला. "दुसरा माजा झाला असता."

किसनराव वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला आत बोलावलं आणि तुम्ही तिथं होता का म्हणून विचारलं. होतो म्हटलं. काय करू म्हणून विचारलं. मी म्हटलं, सोडून द्या. एकाला सोडलं तर बाद झालेल्या बाकीच्या जोड्या उद्या दारात येतील, प्रत्येकाकडं कुणाचा तरी दहावा निघेल, असं ते म्हणाले. तेही खोटं नव्हतं. बाहेर येऊन त्यांनी जोडी बाद झाल्याचं सांगितलं. चाँद पाशा म्हणाला, बराबर हाय. नेमसिंग भिंतीकडं तोंड करून उभा होता. मला राग आला तो कुणाचा, हे मला आजही नेमकं सांगता येणार नाही. लाल तोंडांची दुसरी जोडी शेजारी उभी राहून आपलं बक्षीस पक्कं झाल्याच्या आनंदात होती, तिचा तर आलाच.

घरी जे झालं ते मला चाँद पाशानंच पुढं कधीतरी सांगितलं. कमरुन्निसा चुलीपाशी बसून ऐकत होती. तिनं एवढंच विचारलं की मेलेल्या माणसाच्या तोंडात घालायला जित्या पोरीच्या तोंडचा घास काढायची गरज होती का? तिथं बिडी पेटवणारे शंभर हात होते. बाईचा मुद्दा बिनतोड होता, माझाही तोच होता. फरहीन उठून आत गेली आणि थोड्या वेळानं बाहेर आली. म्हणाली, अब्बा, मी शब्द दिलाय, जिंतूरला निरोप पाठवा.

त्यावर या अबोल माणसानं जे म्हटलं ते मला पाठ आहे. तो म्हणाला, तू कुठं हरलीस? हरलो मी. तुझे हे महिने मी घालवले, ते मी परत देतो. मागशील तेवढे दिवस घे. आणि त्यानं जिंतूरला निरोप पाठवला तो थांबा म्हणून. ते थांबले नाहीत. मुलाचं लग्न दुसरीकडं झालं. कमरुन्निसा कितीतरी दिवस नवऱ्याशी कामापुरतंच बोलायची.

दसऱ्याला आपट्याची पानं वाटून झाल्यावर किसनरावांनी टिकलेल्या जोड्यांना शाली पांघरल्या. पॅकिंग विभाग सुरू झाला. कुणाचा मुलगा, कुणाची सून, कुणाची मुलगी संगणकापुढं बसली. दिवाळी सरता सरता बाभळीखालचे दगड पुन्हा भरायला लागले. साक्ष संपली होती, बक्षीस घरात आलं होतं, आता अडवणार कोण? बाहेर जायची मुभाही आपोआप परत आली, कारण बिडी परत आली. एकच अडचण आहे. नव्या विभागाची काच नेमकी बाभळीच्या समोर येते. त्यामुळं बाप मंडळी आता पाठमोरी बसून ओढतात.

सपाट दगड तेवढा रिकामा असतो. मी एकदा जाऊन बसून पाहिलं. ऊन लागतं.

चाँद पाशानं पुन्हा बिडी धरली नाही. नेमसिंगनंही नाही. बक्षीस गमावलेली जोडी तेवढी सुटली, आणि ज्यांना ते मिळालं ते सगळे होते तिथं आले. किसनरावांना मी हे एकदा सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि कोचीनच्या व्यापाऱ्याला फोन लावायला सांगितलं.

फरहीन सध्या वसमतला टॅलीचा क्लास करते. एका आडत्यानं तिला हिशेबाला घ्यायचं कबूल केलंय. घेईल तेव्हा खरं. शनिवारी क्लास लवकर सुटतो, तेव्हा ती जीपनं येते, आमच्या फाटकाशी उतरते आणि बापाला घेऊन हट्ट्याला जाते. एरवी ती फाटकाबाहेरच थांबते, गेल्या शनिवारी मात्र आत येऊन ऑफिसच्या पायरीवर वाट बघत बसली होती. ढोल बंद झाला. दोघं तोंडावरचं फडकं सोडत बाहेर आले. आणि नेमसिंगनं, दर शनिवारी करतो तसं, ढोलाखालच्या पोत्यातून चिमूटभर हळद हातात घेतली, फाटकाकडं तोंड केलं आणि पुटपुटला, "माज्या जोडीदारानं बिडी वढली न्हाई."

आम्हाला ते आता सवयीचं झालंय, कुणी मान वर करून बघत नाही. फरहीननं पहिल्यांदाच पाहिलं. साक्ष तर दसऱ्यालाच बंद झाली हे तिला माहीत होतं. तिनं विचारलं, "काका, कोणाला सांगून राहिले?"

"माज्या बाला," नेमसिंग म्हणाला. "तुज्या अब्बानं त्याच्यासाठी वढली ती शेवटची. त्याला कळाया पायजे."

फरहीन पायरीवरून उठली. बापाच्या खांद्यावरचं फडकं घेऊन तिनं त्याच्या भुवया पुसल्या, आणि तो लहान लेकरासारखा डोळे मिटून उभा राहिला. भुवया पिवळ्याच राहिल्या. रस्त्यावर हट्ट्याची जीप थांबली होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.